संकल्पचित्राचा कागद

महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या वाचकाला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा समजावून सांगाव्या लागत नाहीत. मांडीवर ड्रॉइंग बोर्ड, शेजारी पाण्याचा डबा, समोर मांडलेला तांब्या, त्याच्या पायथ्याशी दोन फळं आणि सारखी घड्याळाकडे जाणारी नजर. वस्तुचित्र, स्मरणचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांच्या जोडीला एक कागद असे संकल्पचित्राचा. दिलेल्या आकारात नक्षी भरायची आणि रंगसंगती साधायची. ‘डिझाइन’ला आपल्या चित्रकला शिक्षकांनी हा शब्द रूढ केला. मला तो फार मोलाचा वाटतो. पूजेला बसताना आपण हातात पाणी घेतो, आपण कोण, कुठे आहोत आणि हे कशासाठी करतो आहोत ते उच्चारतो, तो संकल्प. समोर जे नाही, पण असावं असं कुणीतरी मनाशी ठरवलं आहे, त्याचं चित्र म्हणजे संकल्पचित्र.

परीक्षेच्या त्या कागदावर मात्र मुलाने ठरवावं असं फार थोडं असे. चौकोन की वर्तुळ, किती सेंटिमीटरचं, रंग किती, हे प्रश्नपत्रिकाच सांगून टाकी. ग्रेड मिळे आणि रंगपेटी माळ्यावर जाई. माझीही तशीच गेली. चौदा-पंधराव्या वर्षी माणूस पहिल्यांदा स्वतःपुरतं काही ठरवू पाहतो. नेमक्या त्याच वर्षी बहुतेक मुलांचा संकल्पचित्राचा तास कायमचा संपतो. पुढे शिकायचं तर शिकवणी, साहित्य, प्रवेशपरीक्षेची तयारी, सगळ्याला पैसे लागतात. ज्या घरात ते नाहीत, तिथल्या मुलाला आपण काय ठरवलं असतं हे कळायलाही वाव राहत नाही.

जगातल्या काही शहरांत या वयाच्या मुलांसाठी एखादी खोली उघडी ठेवण्याचं काम शंभराहून अधिक वर्षं चालू आहे. तिथे फी नसते. कागद, रंग, माती, लाकूड, आणि अलीकडे कॅमेरा व संगणक, सारं मिळतं, आणि शिकवणारा स्वतः चित्रकार, शिल्पकार किंवा डिझायनर असतो. हे पुस्तक अशा खोल्यांविषयी आहे. त्यांना अजून मराठीत रूढ नाव नाही. या पुस्तकापुरतं आपण ‘मोफत सामुदायिक कलावर्ग’ म्हणू. यात काय मोडतं आणि काय नाही, हे आधीच सांगतो. वय साधारण तेरा ते अठरा. वर्ग शाळेच्या वेळापत्रकाबाहेरचा, वस्तीतल्या सभागृहात, संग्रहालयात किंवा सुटीच्या दिवशी रिकाम्या असणाऱ्या कलामहाविद्यालयात भरणारा. मुदत काही महिन्यांची, म्हणजे चूक करून ती दुरुस्त करायला पुरेल इतकी. एका दिवसाची चित्रकला स्पर्धा, उन्हाळी शिबिर किंवा प्रवेशपरीक्षेचा क्लास यांना त्यांची त्यांची जागा आहे, पण ती या पुस्तकाबाहेर.

पहिला प्रश्न वयाचा. लहान मुलांची चित्रं सगळ्यांना आवडतात आणि मोठ्या कलावंतांना समीक्षक मिळतात. मधल्या वयाकडे कलाशिक्षणाच्या विचारानेही उशिरा पाहिलं. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक यांनी 1897 साली मुलांसाठी कलावर्ग काढला. मूल हे छोटं प्रौढ नसून त्याच्या चित्राला स्वतःचे नियम असतात, ही आज सहज वाटणारी गोष्ट तिथे ठामपणे मांडली गेली. पण वयात येताना ही निर्मितीची शक्ती आटते, असंही चिझेक मानत. त्याच शहरात शिकलेले व्हिक्टर लोवेनफेल्ड 1938 साली नाझींमुळे देश सोडून पुढे अमेरिकेत गेले. 1947 च्या ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या ग्रंथात त्यांनी हाच टप्पा वेगळ्या नजरेने पाहिला. अकरा-बाराव्या वर्षापासून मुलाला आपलं चित्र दुसऱ्याच्या नजरेने दिसू लागतं. घोडा घोड्यासारखा झाला नाही हे त्याला कळतं, आणि तो ‘मला चित्र येत नाही’ म्हणून मोकळा होतो. लोवेनफेल्ड यांनी पौगंडावस्थेला निर्णयाचा काळ म्हटलं. या वयात चित्र थांबतं किंवा जाणीवपूर्वक पुढे चालू राहतं, आपोआप काही होत नाही.

या विचाराचं एक उदाहरण त्यांच्याच वर्गात घडलं. ते व्हर्जिनियात कृष्णवर्णीयांसाठीच्या हॅम्प्टन संस्थेत शिकवत. तिथे जॉन बिगर्स नावाचा तरुण 1941 साली नळकाम शिकायला आला होता. तो लोवेनफेल्डच्या कलावर्गात गेला आणि पुढे अमेरिकेतला नामवंत भित्तिचित्रकार झाला. नळकाम हे मानाचं काम आहे, त्यात कमीपणा नाही. पण आपल्यापुढे दोन वाटा आहेत हे त्या मुलाला एका उघड्या दारामुळे कळलं, आणि निवड त्याची त्याने केली.

या क्षेत्राचा इतिहास वाचताना मी सर्वांत जास्त रेंगाळतो ते हार्लेममध्ये. 1930 साली जेकब लॉरेन्स हा तेरा वर्षांचा मुलगा न्यूयॉर्कच्या या कृष्णवर्णीय वस्तीत आईकडे राहायला आला. आई कामावर जाई. शाळा सुटल्यावर मुलगा रस्त्यावर राहू नये म्हणून तिने युटोपिया चिल्ड्रन्स हाउस या केंद्रात त्याचं नाव घातलं. तिथे चार्ल्स ऑल्स्टन हे तरुण चित्रकार शिकवत. हा मुलगा पुठ्ठ्याच्या खोक्यांत हार्लेमच्या रस्त्यांचे देखावे उभे करी, मुखवटे करी, स्वस्त पोस्टर कलरने सपाट, ठसठशीत नक्ष्या रंगवी. ऑल्स्टन यांनी त्याच्या हाताला वळण लावण्याची घाई केली नाही, साहित्य पुरवलं आणि लक्ष ठेवलं.

त्याच वस्तीत ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकार होत्या. फ्रान्समधल्या एका उन्हाळी कलाशाळेसाठी त्यांनी 1923 साली अर्ज केला होता, आणि त्या कृष्णवर्णीय असल्याचं कळताच अमेरिकी निवड समितीने तो नाकारला. सॅव्हेज यांनी त्याविरुद्ध जाहीर आवाज उठवला. पुढे 1932 साली स्वतःचा स्टुडिओच वस्तीतल्या तरुण मुलांसाठी खुला केला, आणि 1937 साली सरकारी मदतीने उभ्या राहिलेल्या हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटरच्या त्या पहिल्या संचालक झाल्या. मंदीच्या काळात अमेरिकी सरकारने बेकार चित्रकारांना पगार देणारी फेडरल आर्ट प्रोजेक्ट ही योजना 1935 मध्ये सुरू केली होती आणि त्यातून देशभर शंभरावर कलाकेंद्रं निघाली. लॉरेन्सला या योजनेत घ्यावं म्हणून सॅव्हेज त्याला घेऊन गेल्या, तेव्हा त्याला एकवीस वर्षं पूर्ण झाली नव्हती म्हणून नकार मिळाला. वर्षभराने तो एकवीस वर्षांचा झाल्यावर त्या त्याला पुन्हा घेऊन गेल्या. तो घरखर्चासाठी धडपडत होता, नियम विसरूनही गेला असेल. बाईंनी मात्र तारीख लक्षात ठेवली होती.

लॉरेन्सला आता चित्रं काढण्याचा पगार मिळू लागला. 1940-41 मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याने दक्षिणेतून उत्तरेकडे झालेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतराची साठ फलकांची मालिका केली. सम क्रमांकाचे फलक आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आणि विषम क्रमांकाचे वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये आहेत. त्यांत तीच सपाट, ठसठशीत रंगांची भाषा दिसते, जी शाळेनंतरच्या त्या केंद्रात हाताला लागली होती. सॅव्हेज यांचं स्वतःचं सर्वांत गाजलेलं शिल्प मात्र उरलं नाही. 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी केलेली ‘द हार्प’ ही भव्य कृती धातूत ओतायला पैसे नव्हते म्हणून प्रदर्शनानंतर मोडली गेली. आपलं स्मारक आपल्या विद्यार्थ्यांच्या कामात असेल, असं त्या म्हणत.

या कथेत ‘मोफत’ या शब्दाचा हिशेब नीट दिसतो. मुलाकडून फी घेतली नाही, पण खर्च तर झालाच. तो वस्तीने, कलावंतांनी आणि सरकारने उचलला. शिकागोच्या दक्षिण भागात 1940 साली साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर निघालं, तेव्हा मार्गारेट बरोज आणि त्यांच्या सोबत्यांनी रस्त्याच्या कोपऱ्यांवर उभं राहून दहा-दहा सेंटची नाणी गोळा केली होती. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचा उद्घाटन समारंभ झाला. फेडरल योजना 1943 मध्ये बंद पडली आणि तिच्यासोबत बहुतेक केंद्रंही. नाण्यांवर उभं राहिलेलं हे केंद्र त्याच इमारतीत आजही चालू आहे. सरकारी पैसा आणि वस्तीचा जीव यांपैकी एकच असून भागत नाही, हे या क्षेत्राच्या अभ्यासकाने इथे नोंदवून ठेवावं.

वस्तीतल्या केंद्रांची ही पहिली परंपरा. दुसरी परंपरा शनिवारची. न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये 1968 पासून चालू असलेल्या शनिवारच्या वर्गांत सार्वजनिक शाळांतली मुलं विनामूल्य शिकतात आणि त्यांना शिकवतात ते त्याच महाविद्यालयाचे पदवीचे विद्यार्थी. शिकवणारा वीस वर्षांचा, शिकणारा सोळा वर्षांचा. ‘चार वर्षांनी मी इथे बसलेला असू शकतो’ हे सांगायला वेगळं भाषण लागत नाही. ब्रिटनमध्ये जॉन सॉरेल चौदाव्या वर्षी हॉर्न्सी कलामहाविद्यालयाच्या शनिवार सकाळच्या वर्गाला जात. नावाजलेले डिझायनर झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या पत्नी फ्रान्सिस सॉरेल यांनी 2009 साली किशोरवयीन मुलांसाठी तीच जुनी रीत नॅशनल सॅटर्डे क्लबच्या रूपाने पुन्हा सुरू केली. शनिवारी महाविद्यालयाच्या कार्यशाळा रिकाम्याच असतात. त्या उघडायच्या आणि वर्षअखेरीस मुलांच्या कामाचं लंडनमध्ये प्रदर्शन भरवायचं, इतकी साधी ही कल्पना आहे.

तिसरी परंपरा आणखी पुढे जाते. ती मुलांनाच पैसे देते. 1991 साली शिकागोच्या मध्यवस्तीत ‘ब्लॉक 37’ हा मोठा भूखंड बांधकामावाचून पडून होता. त्यावर तंबू ठोकून उन्हाळ्यात किशोरवयीन मुलांना उमेदवार कलाकार म्हणून वेतनावर घेतलं गेलं. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये सुरू झालेल्या आर्टिस्ट्स फॉर ह्युमॅनिटीमध्ये मुलं खऱ्या ग्राहकांसाठी चित्रं, मांडणशिल्पं, मुद्रणरचना करतात आणि त्याचा मोबदला घेतात. गरीब घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाचा शनिवार रिकामा नसतो. तो दुकानात उभा असतो, धाकट्या भावंडांना सांभाळत असतो. फी माफ केली तरी बसभाडं, खाणं आणि बुडालेली कमाई उरतेच. वर्ग खरोखर मोफत करायचा तर हे तिन्ही मोजावे लागतात, म्हणून ज्यांनी ते मोजले त्यांचा अभ्यास या पुस्तकात सविस्तर आहे.

आता पुराव्याकडे वळू. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला एक मोह होतो, आणि तो मलाही झाला होता: चित्र काढल्याने गणिताचे मार्क वाढतात, असं सांगून देणगी मिळवण्याचा. हार्वर्डच्या प्रोजेक्ट झीरो या संशोधनगटात एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी पन्नास वर्षांचं संशोधन एकत्र तपासून 2000 साली निष्कर्ष मांडला, की दृश्यकला शिकल्यामुळे शाळेतले गुण वाढतात असा कार्यकारणाचा पुरावा हाती लागत नाही. कलाशिक्षणाच्या बाजूच्या अनेकांना हे बोचलं. पण त्याच संशोधकांनी पुढे सोबत्यांसह बॉस्टन परिसरातल्या दोन शाळांच्या कलावर्गांत बसून, तिथे नेमकं काय शिकवलं जातं ते पाहिलं. 2007 च्या ‘स्टुडिओ थिंकिंग’ या पुस्तकात त्यांनी मनाच्या आठ सवयी मांडल्या. हाताचं कसब, चिकाटी, नसलेलं डोळ्यांपुढे आणणं, व्यक्त होणं, निरखणं, केलेल्या कामाकडे मागे वळून पाहणं, ओळखीच्या सीमेपलीकडे पाऊल टाकणं आणि कलेच्या जगाची समज. गणिताच्या आधाराने उभं राहायची कलेला गरज नाही, तिचं देणं स्वतःचं आहे, हे त्यामुळे ठामपणे बोलता येऊ लागलं.

पण मला सर्वांत जवळचं वाटणारं संशोधन भाषेचं आहे. भाषावैज्ञानिक आणि मानववंशशास्त्रज्ञ शर्ली ब्राइस हीथ यांनी मिल्ब्रे मॅक्लॉक्लिन यांच्यासोबत वर्षानुवर्षं अमेरिकेतल्या वस्त्यांमधल्या युवक संस्थांचा अभ्यास केला आणि तिथल्या मुलांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. कलेच्या गटांत आलेली मुलं काही आठवड्यांतच वेगळं बोलू लागतात, असं त्यांना आढळलं. ‘असं केलं तर काय होईल’, ‘हे इथे ठेवलं तर ते झाकलं जाईल’, ‘कदाचित आधी हे करावं लागेल’ अशा वाक्यांचं प्रमाण बरंच वाढतं. मराठीत आपण ‘जर-तरच्या गोष्टी’ म्हणतो ते निरुपयोगी बोलण्याला. या वर्गांत जर-तर हे रोजचं कामाचं साधन असतं, करवतीइतकं किंवा कुंचल्याइतकं. भिंतीवर चित्र काढायचं आहे, रंग इतकेच आहेत, पाऊस येणार आहे, चौघांचं एकमत झालेलं नाही. अशा वेळी जर-तर बोलल्यावाचून काम पुढे सरकत नाही. ज्या मुलाच्या वाट्याला घरी आणि शाळेत मुख्यतः आज्ञार्थी वाक्यं येतात, त्याला ही क्रियापदं वापरायला मिळतात. संकल्प करायचा तर आधी हे व्याकरण यावं लागतं.

हा परिणाम टिकतो का, हेही पाहिलं गेलं आहे. अमेरिकेतल्या चार कलासंग्रहालयांनी आपल्या किशोर गटांतल्या जुन्या मुलांना अनेक वर्षांनी गाठून त्यांच्याशी बोलून 2015 साली ‘रूम टू राइज’ हा अहवाल काढला. सगळी मुलं चित्रकार झाली नव्हती. पण मोठ्या संस्थेच्या इमारतीत आपण आगंतुक नाही आणि आपल्या मताला तिथे वजन आहे, ही जाणीव त्यांच्याबरोबर राहिली होती.

या क्षेत्रात वादही आहेत आणि ते झाकणं वाचकावर अन्याय ठरेल. एक वाद कर्तृत्वाचा. साउथ ब्राँक्समधले शिक्षक टिम रॉलिन्स यांनी 1980 च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांसह पुस्तकांच्या पानांवर मोठमोठी चित्रं रंगवली. ‘टिम रॉलिन्स अँड के.ओ.एस.’ या नावाने ती मोठ्या संग्रहालयांत गेली. ती मुलांची की शिक्षकाची, पैशाचा वाटा कुणाला, नाव कुणाचं आधी, हे प्रश्न तेव्हा उठले आणि अजून मिटलेले नाहीत. दुसरा वाद शब्दांचा. निधी मागताना मुलांना ‘वाया जाण्याच्या वाटेवरची’ म्हणून दाखवलं की पैसे लवकर मिळतात. पण मुलं आपलं वर्णन वाचतात. ज्या संस्थांत मुलं टिकली, त्या त्यांच्याकडे प्रश्न म्हणून न पाहता हाताशी असलेलं बळ म्हणून पाहत होत्या, हे हीथ आणि मॅक्लॉक्लिन यांचं निरीक्षण या वादात मला दिशा दाखवतं.

यातलं आपल्याकडे काय आहे, असं वाचक विचारील. वर्ध्याजवळ सेवाग्रामला शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद 1944 साली गांधीजींच्या नई तालीमचे कलाशिक्षक म्हणून आले. सूतकताई, शेती आणि स्वच्छता यांच्या बरोबरीने त्यांनी चित्र आणि मातीकाम मुलांच्या दिवसात आणलं. कला हा शिक्षणाचा पाया आहे, हे त्यांनी अनुभवातून लिहून ठेवलं. हे काम विदर्भाच्या मातीत झालं, आणि तरीही मराठी कलाशिक्षणाच्या चर्चेत ते जेवढं हवं तेवढं येत नाही. दुसरी गोष्ट आपल्या गल्लीतली. गणपती मंडळाच्या देखाव्यावर रात्री जागणारी पोरं लाकडी सांगाडा ठोकतात, कापड ताणतात, दिव्यांची जागा बदलून पाहतात, वर्गणीत बसेल असं साहित्य शोधतात आणि चतुर्थीची तारीख पाळतात. मोजमाप, खर्च, मुदत आणि हजारो प्रेक्षक, डिझाइनच्या शिक्षणाला आणखी काय लागतं? फी तर कुणी घेतच नाही. उणीव आहे ती त्या कामाकडे थांबून पाहणाऱ्या, ‘हे असं का केलंस’ विचारणाऱ्या जाणकार माणसाची. रात्री उशिरापर्यंत मांडवात थांबू न शकणाऱ्या मुलींसाठी दिवसाउजेडीची, सुरक्षित जागाही हवी.

हे पुस्तक चित्रकला शिक्षकांसाठी आहे, महाविद्यालयांच्या प्राचार्यांसाठी आहे, ग्रंथालयाच्या आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी आहे, आणि या विषयावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पहिल्या भागात इतिहास, दुसऱ्यात वर्गाची रचना आणि हिशेब, तिसऱ्यात मूल्यमापन आणि वाद अशी मांडणी आहे. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. ज्यांना येत्या रविवारी वर्ग सुरू करायचा आहे, त्यांनी दुसरा भाग आधी उघडावा. मात्र कोणत्याही भागापासून सुरुवात केली, तरी एक विनंती आहे. जवळपास अशी एखादी खोली असेल तर तिथे जाऊन दोन तास गप्प बसा आणि मुलांच्या तोंडी ‘तर’ किती वेळा येतो ते ऐका. नसेल, तर एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीला कोरा कागद द्या. त्यावर आधी चौकोन आखून देऊ नका. कागद केवढा हवा, हेही तिलाच विचारा.